राजदूत पुण्यात येणार आहेत: यजमान संस्थांसाठी राजशिष्टाचाराचं मार्गदर्शन

पुण्यात परदेशी राजनैतिक पाहुण्यांची ये-जा आता नवलाईची राहिलेली नाही. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांमुळे जर्मनी, जपान, कोरियाचे अधिकारी येतात. विद्यापीठांत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमुळे आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या देशांचे प्रतिनिधी येतात. २०२३ मध्ये तर जी-२० च्या बैठकाच इथे झाल्या: जानेवारीत पायाभूत सुविधा गटाची, जूनमध्ये डिजिटल अर्थव्यवस्था आणि शिक्षण गटांची, आणि २२ जूनला शिक्षणमंत्र्यांची. त्या बैठकांमागे सरकारी यंत्रणा उभी होती. एरवीच्या भेटी मात्र एखाद्या कॉलेजात, उद्योग संघटनेत, भाषा शिकवणाऱ्या संस्थेत होतात आणि तिथे राजशिष्टाचार अधिकारी नावाचा माणूस नसतो. एखाद्या प्राध्यापकाच्या किंवा जनसंपर्क अधिकाऱ्याच्या गळ्यात हे काम पडतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

इतक्या भेटींच्या तयारीत राहून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्याकडे राजशिष्टाचार बिघडतो तो अज्ञानापेक्षा भिडेपोटी जास्त. व्यासपीठावर ऐनवेळी दोन खुर्च्या वाढतात, कारण विश्वस्तांना नाही म्हणवत नाही. पाहुण्यांचं भाषण तासभर उशिरा सुरू होतं, कारण आधीच्या वक्त्याला थांबवायची कुणाची छाती होत नाही. नियम आधीच कागदावर असले की 'नाही' तुम्हाला म्हणावं लागत नाही, ते नियम म्हणतो, आणि कुणाचाही अपमान होत नाही. राजशिष्टाचार जन्मालाच आला तो यासाठी.

जागा म्हणजे मान, हे आपल्याला बाहेरच्यांनी शिकवायला नको. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं आणि पुढे काय घडलं ते शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्याच्या आधी पाचच वर्षं, १६६१ मध्ये, लंडनच्या रस्त्यावर फ्रेंच आणि स्पॅनिश राजदूतांच्या माणसांत कुणाची बग्गी पुढे, यावरून रक्तपात झाला होता. असे तंटे कायमचे मिटावेत म्हणून १८१५ च्या व्हिएन्ना काँग्रेसमध्ये, म्हणजे युरोपीय सत्तांच्या परिषदेत, राजदूतांचे दर्जे आणि क्रम ठरले. आजचा पाया म्हणजे १९६१ चा राजनैतिक संबंधांवरचा व्हिएन्ना करार. भारताने त्याला १९७२ च्या कायद्याने देशात बळ दिलं. त्यातलं कलम १६ यजमानांनी पाठच करावं: एकाच दर्जाच्या दूतांमधला क्रम त्यांनी पदभार कधी स्वीकारला त्या दिवस-वेळेवरून ठरतो. देश किती मोठा, किती श्रीमंत, आपला किती जवळचा, याचा तिथे काही संबंध नाही.

पाहुणा नेमका कोण आहे?

तयारीची सुरुवात इथून करा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

राजदूत दिल्लीत असतात आणि आपल्या राष्ट्रप्रमुखाचे प्रतिनिधी असतात. राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे राजदूत नव्हे, उच्चायुक्त पाठवतात. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, सिंगापूर, श्रीलंका, केनिया यांचे दिल्लीतले प्रमुख उच्चायुक्त आहेत. दर्जा तोच, पदनाम वेगळं. फलकावर 'ऑस्ट्रेलियाचे राजदूत' छापलं की ती चूक आल्या आल्या पाहुण्यांच्या नजरेला पडते. नेपाळ राष्ट्रकुलात नाही, म्हणून नेपाळचे मात्र राजदूतच. प्रमुख रजेवर असतील किंवा पद रिकामं असेल तर प्रभारी दूत काम पाहतात. त्यांचा मान सगळ्या राजदूतांनंतर येतो.

मुंबईत महावाणिज्यदूत असतात. त्यांचं काम १९६३ च्या वेगळ्या व्हिएन्ना कराराखाली चालतं: व्हिसा, आपल्या नागरिकांची मदत, व्यापार, सांस्कृतिक देवाणघेवाण. पुण्यातल्या बहुतेक संस्थांना प्रत्यक्षात यांचीच गरज असते. विद्यार्थी आदानप्रदान किंवा उद्योगांची भेट असा विषय असेल तर राजदूतांचा हट्ट धरू नका. महाराष्ट्र ज्यांच्या कार्यक्षेत्रात आहे ते महावाणिज्यदूत वर्षानुवर्षं पाठपुरावा करू शकतात. ब्रिटनचे मुंबईतले प्रमुख उपउच्चायुक्त म्हणवतात, हेही ध्यानात असू द्या. पुण्यात काही देशांचे मानद वाणिज्यदूत आहेत. हे सहसा स्थानिक उद्योजक किंवा प्रतिष्ठित नागरिक असतात, पगारी राजनैतिक अधिकारी नव्हेत, आणि त्यांचे विशेषाधिकार मर्यादित असतात. पण ओळख करून द्यायला, दार उघडून द्यायला त्यांच्यासारखी मदत दुसरी नाही. पहिला फोन त्यांनाच करा.

दूतावासातल्या हुद्द्यांमध्ये 'मिनिस्टर' किंवा 'मिनिस्टर-काउन्सेलर' हा एक दर्जा असतो. तो मंत्रिमंडळातला मंत्री नव्हे. प्रसिद्धिपत्रकात 'जपानचे अर्थमंत्री पुण्यात' असं छापून येण्याचा धोका इथेच असतो, म्हणून वार्ताहरांना हुद्दा समजावून सांगा.

तैवानचा विषय नाजूक आहे. भारताचे तैवानशी औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत, त्यामुळे त्यांचं इथलं कार्यालय आर्थिक व सांस्कृतिक केंद्र म्हणून चालतं. त्यांच्या प्रतिनिधींना सन्मानाने बोलवा, पण राजदूत म्हणू नका आणि ध्वज लावू नका. तेही तशी अपेक्षा ठेवत नाहीत.

निमंत्रण

दीड-दोन महिने आधी लिहा. पत्र संस्थेच्या लेटरहेडवर आणि संस्थाप्रमुखाच्या सहीचं हवं, कार्यक्रम समितीतल्या स्वयंसेवकाच्या ईमेलवरून गेलेलं नको. सरकारं आपापसात ज्या तृतीयपुरुषी शैलीत पत्रव्यवहार करतात तिची नक्कल करू नका. साधं, नेटकं, एका पानाचं पत्र पुरे. सोबत दुसरं एक पान जोडा: संस्थेची ओळख, कार्यक्रमाचा हेतू, तारीख-वेळ-जागा, श्रोते कोण आणि किती, भाषण किती मिनिटांचं, भाषा कोणती, वार्ताहर असतील का, आणि आणखी कोणाकोणाला बोलावलं आहे.

हा शेवटचा मुद्दा लपवू नका. ज्या दोन देशांचे संबंध ताणलेले आहेत त्यांच्या दूतांना एकमेकांची कल्पना न देता एका व्यासपीठावर आणणं हा विश्वासघात आहे. तसंच तीन दूतावासांना एकाच वेळी 'प्रमुख पाहुणे' म्हणून पत्रं पाठवून जो आधी हो म्हणेल त्याला बसवायचं, हा प्रकारही करू नका. दिल्लीतले दूतावास एकमेकांशी बोलत असतात.

राजदूतांना बोलावताना पत्राची प्रत मुंबईच्या वाणिज्य दूतावासाला जरूर द्या. तारीख ठरवण्याआधी त्या देशाचा राष्ट्रीय दिन, मोठे सण पाहा, रमजानचा महिना आहे का ते पाहा. आपल्या बाजूने गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि पालख्या पुण्यात मुक्कामी असतात ते दिवस टाळा. त्या दिवसांत रस्ते कधी बंद होतील याची खात्री पोलिसांनाही देता येत नाही.

सरकारला कळवणं

होकार आला की पोलीस आयुक्तालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांना लेखी कळवा. राजदूत दर्जाची व्यक्ती असेल तर मंत्रालयातल्या सामान्य प्रशासन विभागाच्या राजशिष्टाचार शाखेलाही कळवा. सरकारी किंवा अनुदानित संस्थेने परराष्ट्र मंत्रालयाची मंजुरी लागते का, हे आपल्या खात्यामार्फत आधीच विचारून घ्यावं. परदेशातून वक्ते येणार असतील तर परिषदेचा व्हिसा आणि त्यासाठीच्या मंजुऱ्या हे वेगळंच काम आहे. त्याला महिने लागू शकतात.

पैशांचा मुद्दा इथेच निकालात काढा. दूतावासाने 'आम्ही जेवणाचा खर्च करतो' किंवा 'थोडं प्रायोजकत्व देतो' म्हटलं तर ते आनंदाने स्वीकारण्याआधी लेखापालांना विचारा. परदेशी सरकार हा २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्यानुसार परकीय स्रोत आहे आणि नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला त्याच्याकडून रक्कम घेता येत नाही. दूतावासाने स्वतःचा कार्यक्रम स्वतः करणं वेगळं आणि संस्थेच्या खात्यात पैसे येणं वेगळं.

खुर्च्यांचा प्रश्न

मानपानाचा खरा घोळ इथे होतो. गावच्या लग्नात रुसवे-फुगवे व्हावेत तसे ते व्यासपीठावर होतात, आणि ते टाळायचे तर केंद्र सरकारचा मानक्रम तक्ता समोर हवा. राष्ट्रपती सचिवालयाने २६ जुलै १९७९ रोजी तो अधिसूचित केला आणि पुढे त्यात बदल होत गेले. तो शासकीय आणि समारंभी प्रसंगांसाठी आहे, रोजच्या कारभारासाठी नाही. खासगी संस्थेवर तो बंधनकारक नसला तरी वाद मिटवायला त्याच्याएवढा भक्कम आधार दुसरा नाही.

पुण्यातल्या कार्यक्रमांत नेहमी भेटणाऱ्या मंडळींचे क्रमांक असे: राज्यपाल आपल्या राज्यात ४. मुख्यमंत्री आपल्या राज्यात ७, केंद्रीय कॅबिनेट मंत्रीही ७. भारतात नियुक्त राजदूत आणि उच्चायुक्त ८. उपमुख्यमंत्री आणि केंद्रीय राज्यमंत्री १०. राज्याचे कॅबिनेट मंत्री आपल्या राज्यात १५. खासदार २१.

आता एक नमुना बघू. विद्यापीठात कार्यक्रम आहे. राजदूत, राज्याचे एक कॅबिनेट मंत्री, एक खासदार आणि यजमान कुलगुरू असे चौघे व्यासपीठावर आहेत. कुलगुरू मध्यभागी. त्यांच्या उजव्या हाताला राजदूत, डाव्या हाताला मंत्री, आणि राजदूतांच्या पलीकडे खासदार. उजवा म्हणजे व्यासपीठावर बसलेल्या माणसाचा उजवा, प्रेक्षकांचा नव्हे. खुर्च्या लावणारा माणूस प्रेक्षागृहात उभा राहून लावतो आणि सगळं उलटं होतं, म्हणून आराखड्यावर बाण काढून 'प्रेक्षक' असं लिहा. याच कार्यक्रमाला मुख्यमंत्री येणार असतील तर ते राजदूतांच्या वर आणि कुलगुरूंच्या उजवीकडे. उपमुख्यमंत्री आले तर राजदूत त्यांच्या वर. हे अनेकांना पटत नाही, पण तक्ता तसं सांगतो. पालकमंत्री हा तक्त्यात वेगळा क्रमांक नाही, ते मंत्री म्हणूनच मोजले जातात. शंका असेल तर राजशिष्टाचार शाखेकडून क्रम लेखी मागवून घ्या. तो कागद सभागृहात खिशात असावा.

दोन राजदूत असतील तर ज्यांनी राष्ट्रपतींना परिचयपत्र आधी सादर केलं ते आधी. परराष्ट्र मंत्रालयाच्या राजनैतिक यादीत हा क्रम मिळतो. महावाणिज्यदूतांचा क्रम भारत सरकारने त्यांना मान्यतापत्र कधी दिलं त्यावरून ठरतो.

व्यासपीठावर पाच खुर्च्यांपलीकडे जाऊ नका, हा माझा आग्रह आहे. विश्वस्त, देणगीदार, माजी पदाधिकारी यांच्यासाठी पहिली रांग राखा, प्रत्येक खुर्चीवर नाव चिकटवा आणि तिथे एक जबाबदार माणूस उभा करा. व्यासपीठाची यादी आठवडाभर आधी दूतावासाला पाठवा. एकदा ती गेली की 'यादी दूतावासाला कळवली आहे' हे उत्तर कुणालाही देता येतं.

ध्वज

इथे चूक झाली तर क्षमा मागूनही भागत नाही. २५ जुलै २०१२ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याही आधी, ग्लासगोच्या मैदानातल्या पडद्यावर उत्तर कोरियाच्या महिला फुटबॉल खेळाडूंच्या नावांपुढे दक्षिण कोरियाचा ध्वज दाखवला गेला. संघ मैदान सोडून गेला आणि सामना तासाहून जास्त उशिरा सुरू झाला.

२६ जानेवारी २००२ पासून लागू असलेली भारतीय ध्वजसंहिता आपली मार्गदर्शक. इतर देशांच्या ध्वजांसोबत एका ओळीत लावताना तिरंगा ओळीच्या अगदी उजव्या टोकाला, म्हणजे प्रेक्षकांकडून पाहिलं तर डाव्या टोकाला. त्याच्यापुढे बाकीचे देश इंग्रजी नावांच्या अकारविल्हे क्रमाने. सगळ्या काठ्या सारख्या उंचीच्या. शांततेच्या काळात एका राष्ट्राचा ध्वज दुसऱ्याच्या वर लावायचा नाही. दोन ध्वज भिंतीवर फुलीसारखे लावत असाल तर तिरंगा त्याच्या स्वतःच्या उजवीकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे, आणि त्याची काठी दुसऱ्या काठीच्या पुढे. तिरंग्याचं प्रमाण ३:२. टेबलावरच्या ध्वजाचा प्रमाणित आकार १५० × १०० मिलिमीटर. इतर देशांची प्रमाणं वेगळी असतात, स्वित्झर्लंडचा चौरस आहे, नेपाळचा तर आयतच नाही. तिथे उंची सारखी ठेवा, लांबी जी होईल ती होऊ द्या.

ध्वज बाजारातून घाईत आणण्यापेक्षा वाणिज्य दूतावासाकडून मागवा. ते आनंदाने देतात. आले की पिशवीतून काढून इस्त्री करा आणि दूतावासाने पाठवलेल्या चित्राशेजारी धरून बघा. पोलंडमध्ये पांढरा वर, लाल खाली. इंडोनेशियात लाल वर, पांढरा खाली. आयर्लंडमध्ये काठीकडे हिरवा, आयव्हरी कोस्टमध्ये काठीकडे नारिंगी. नेदरलँड्स आणि लक्झेंबर्गमध्ये मुख्य फरक निळ्याच्या छटेचा. फिलिपिन्सचा ध्वज लाल पट्टा वर करून लावला तर त्याचा अर्थ देश युद्धात आहे असा होतो. हे काम आदल्या संध्याकाळी करा, दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या आणि फोटो काढून ठेवा. सकाळी सफाई कर्मचारी ध्वज हलवतात, तेव्हा त्या फोटोवरून परत बघा. एलईडी पडद्यावरच्या ध्वजांनाही हीच तपासणी लागू.

देशांची नावंही तपासा. तुर्किये, चेकिया, एस्वातिनी, उत्तर मॅसेडोनिया ही आता रूढ अधिकृत नावं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत दक्षिण कोरिया 'रिपब्लिक'च्या आर अक्षराखाली येतो, त्यामुळे क्रम लावताना कोणती यादी धरली हे आधी ठरवा आणि तीच शेवटपर्यंत पाळा.

पाहुण्यांच्या गाडीवर हौसेने तिरंगा लावू नका. गाडीवर राष्ट्रध्वज लावण्याचा अधिकार संहितेने मोजक्या पदांपुरता ठेवला आहे. राजदूत स्वतःच्या गाडीवर आपल्या देशाचा ध्वज लावू शकतात, तो अधिकार त्यांना १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम २० ने दिला आहे.

राष्ट्रगीत

प्रत्येक कार्यक्रमाला दोन्ही राष्ट्रगीतं लागत नाहीत. चर्चासत्र किंवा करारावर सह्या असतील तर सरळ वगळा. वाजवायची असतील तर आधी पाहुण्यांचं, मग आपलं. आपलं पूर्ण राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांचं. पाहुण्यांचं ध्वनिमुद्रण दूतावासाकडूनच घ्या, इंटरनेटवरून उतरवू नका. मार्च २०१२ मध्ये कुवेतमधल्या नेमबाजी स्पर्धेत कझाकस्तानच्या सुवर्णपदक विजेतीसमोर त्या राष्ट्रगीताऐवजी एका चित्रपटातलं विडंबन वाजलं होतं, ते असंच उतरवलेलं होतं. ध्वनिव्यवस्थेवाल्यासोबत सभागृहातच एकदा पूर्ण वाजवून बघा.

गाडी, फाटक, पोर्च

लोहगाव विमानतळावरून यायचं असो की मुंबईहून द्रुतगती मार्गाने, कार्यक्रमाच्याच वारी आणि त्याच वेळी तो रस्ता एकदा स्वतः गाडीने करून बघा. चांदणी चौक, विद्यापीठ चौक इथे लागणारा वेळ नकाशावरच्या अंदाजाने कळत नाही.

दूतावासांच्या गाड्यांची पाटी निळी आणि अक्षरं पांढरी. राजदूतावासाच्या गाडीवर 'सीडी', वाणिज्य दूतावासाच्या गाडीवर 'सीसी' ही अक्षरं असतात. गाडीचा क्रमांक, चालकाचं नाव फाटकावरच्या रखवालदाराला आदल्या दिवशी द्या आणि पाटी कशी दिसते ते फोटोवर दाखवा. त्याच व्हिएन्ना कराराच्या कलम २९ नुसार राजनैतिक अधिकाऱ्याच्या शरीराला आणि प्रतिष्ठेला संरक्षण आहे. फाटकावर झडती किंवा बॅग उघडायला लावणं होता कामा नये. सुरक्षेचं काय करायचं ते पोलीस आणि दूतावास आपसात ठरवतील.

गाडी तुम्ही पाठवत असाल तर मागच्या आसनावरची डावी जागा मानाची. पोर्चची पायरी त्या बाजूला येईल अशी गाडी उभी करायला चालकाला सांगा. स्वागताला पोर्चमध्ये तिघेचौघेच असावेत आणि पहिला हात संस्थाप्रमुखाचा.

मिनिटांचा कागद

कार्यक्रमपत्रिका लोकांसाठी, मिनिटांचा कागद आपल्यासाठी. त्यात प्रत्येक हालचालीपुढे माणसाचं नाव हवं. उदाहरणार्थ:

१०.५० गाडी पोर्चमध्ये, संस्थाप्रमुख स्वागत करतील.
१०.५५ दालनात चहा, अभिप्राय वहीत सही. शाईचं पेन कोण देणार?
११.१० सभागृहात प्रवेश. सगळे आधीच बसलेले.
११.१२ दीपप्रज्वलन. मेणबत्ती पेटवलेली आणि हातात तयार.
११.१६ स्वागत आणि परिचय, मिळून सहा मिनिटं.
११.२२ पाहुण्यांचं भाषण, वीस मिनिटं.
११.४२ प्रश्नोत्तरं.
१२.०० आभार. दोन मिनिटं, नावांची यादी नाही.

सर्वोच्च मान ज्यांचा त्यांचं भाषण शेवटी, हा सर्वसाधारण संकेत. मात्र त्यांच्या आधी तीन स्थानिक भाषणं लावलीत तर त्या संकेताचा उपयोग काय? पाहुण्यांपुढे जास्तीत जास्त दोन.

समईपाशी पादत्राणं काढायची का, हे दूतावासाला आधी विचारा. सूट-बूट घातलेल्या माणसाला प्रेक्षकांसमोर वाकून नाड्या सोडायला लावू नये. आपल्याकडचे लोक काढत असतील तर बाजूला खुर्ची आणि शूहॉर्न ठेवा, किंवा समई अशी ठेवा की कुणालाच काढायला लागणार नाहीत. औक्षण, कुंकू, पुणेरी पगडी यांचंही तेच. अनेकांना पगडी मनापासून आवडते. काहींना धार्मिक किंवा वैयक्तिक कारणाने डोक्यावर काही नको असतं. आधी विचारलं की कुणाचीच पंचाईत होत नाही. पगडी देणार असाल तर डोक्याचं माप मागवा, नाहीतर ती भुवयांवर उतरते.

नाव आणि संबोधन

परदेशी राजदूतांना इंग्रजीत 'युअर एक्सलन्सी', मराठी-हिंदीत 'महामहिम'. २०१२ मध्ये राष्ट्रपती भवनाने देशांतर्गत समारंभांत भारतीय पदाधिकाऱ्यांसाठी ही उपाधी सोडून 'माननीय' रूढ केलं, पण परदेशी मान्यवरांसोबतच्या प्रसंगांत ती चालू ठेवली. तेव्हा व्यासपीठावर राजदूत 'महामहिम' आणि मंत्री 'माननीय', यात भेदभाव काहीच नाही. महावाणिज्यदूतांना काटेकोर संकेतानुसार ही उपाधी लागत नाही. 'कॉन्सुल जनरल' आणि आडनाव पुरे.

आडनाव कोणतं हे मात्र विचारून घ्या. कोरियन, चिनी आणि हंगेरियन नावांत आडनाव आधी येतं. जपानीतही मूळ क्रम तोच, पण इंग्रजीत लिहिताना कधी उलटवतात. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात आणि बोलावताना सहसा पहिलं वापरतात. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतंच, वडिलांच्या किंवा आईच्या नावावरून केलेलं नाव असतं, म्हणून तिथे पहिल्या नावाने बोलावणं हीच रीत. दूतावासातल्या सचिवांना उच्चार फोनवर म्हणायला सांगा, तो देवनागरीत लिहून घ्या आणि निवेदकाकडून मोठ्याने म्हणवून घ्या. परिचय दूतावासाने पाठवला तेवढाच वाचा. इंटरनेटवरून त्यात भर घालू नका.

नकाशे आणि प्रश्न

पाहुण्यांची सादरीकरणं दोन दिवस आधी मागवा. खरं कारण नकाशा. भारताच्या सीमा चुकीच्या दाखवणारा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे आणि बाहेरच्या देशांत तयार झालेल्या स्लाइडवर जम्मू-काश्मीर किंवा अरुणाचल प्रदेश हमखास तुटक रेषांत दिसतं. असं दिसलं तर दूतावासातल्या अधिकाऱ्याला खासगीत फोन करून 'ही स्लाइड नकाशाविना दाखवता येईल का' एवढंच विचारा. ते समजून घेतात. सभागृहात मुद्दा काढून दोन्ही बाजूंना अवघडवू नका. आपल्या फलकांवर भारतीय सर्वेक्षण विभागाचाच नकाशा वापरा.

प्रश्नोत्तरांत निवेदकाची जबाबदारी मोठी. १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ४१ दूतांना यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायला मनाई करतं. म्हणून 'आमच्या सरकारच्या अमुक निर्णयाबद्दल आपलं मत काय' या प्रश्नाला ते उत्तर देऊ शकत नाहीत. विद्यार्थ्यांना हे कार्यक्रमाच्या आधी शिक्षकांनी समजावून सांगावं. अवघड प्रश्न दाबायचे असा याचा अर्थ नाही. त्यांच्याच देशाच्या धोरणावर टोकदार, अभ्यासू प्रश्न विचारले तर चांगल्या राजदूताला ते आवडतात. वार्ताहर हजर आहेत का, चित्रण होतंय का, हे पाहुण्यांना बोलायला उभं राहण्याआधी माहीत असलंच पाहिजे.

भेट आणि जेवण

बऱ्याच देशांत अधिकाऱ्यांना ठरावीक किमतीवरची भेट स्वतःकडे ठेवता येत नाही, ती सरकारजमा होते. म्हणून महागडी वस्तू देऊ नका. हातात मावेल, बॅगेत जाईल, फुटणार नाही आणि पुण्याची असेल अशी द्या. माझी पसंती कसब्यातल्या तांबट आळीला. तिथल्या कारागिरांनी मठारलेलं तांब्याचं छोटं भांडं उजेडात धरलं की हातोडीचा एकेक ठसा चमकतो. सोबत इंग्रजीत चार ओळींची चिठ्ठी जोडा: हे काम कोणत्या आळीत, कसं होतं. भेटवस्तू व्यासपीठावर दिली की लगेच पाहुण्यांच्या सहायकाने ताब्यात घ्यावी. मोठाले पुष्पगुच्छ नकोतच.

जेवणाबद्दल विचारायचं ते असं: काय खात नाहीत, कशाची ॲलर्जी आहे, तिखट किती चालतं. प्रत्येक पदार्थापुढे नावाची आणि घटकांची पाटी ठेवा, शेंगदाण्याचा कूट आपण सगळ्यात घालतो हे विसरू नका. पाहुणे रोजा ठेवत असतील तर दुपारचं जेवण ठेवूच नका.

दोन्ही बाजूंची बैठक असेल तर पाहुण्यांना दाराकडे तोंड करून बसवा, यजमान समोर. दोन्हीकडे माणसं सारखी. टिपणं घेणारा एक माणूस आधीच नेमलेला हवा आणि फोनवर ध्वनिमुद्रण विचारल्याशिवाय करू नये.

पाहुणे गेल्यावर

आभाराचं पत्र दोन-तीन दिवसांत गेलं पाहिजे, सोबत निवडक पाचसहा फोटो. समाजमाध्यमांवर टाकण्याआधी फोटो आणि मजकूर दूतावासाच्या माहिती अधिकाऱ्याला दाखवा. बैठकीत कुणी काय कबूल केलं ते पत्रात तारीख आणि नावासकट लिहा: ग्रंथालयाला पुस्तकं, प्राध्यापकांची अदलाबदल, प्रशिक्षणाच्या जागा, जे असेल ते. दूतावासातल्या अधिकाऱ्यांच्या बदल्या साधारण तीन-चार वर्षांनी होतात आणि तोंडी आश्वासन त्यांच्यासोबत निघून जातं. म्हणून फाइल तुमच्याकडे पूर्ण हवी: पत्रव्यवहार, बैठकव्यवस्थेचा आराखडा, उच्चारांचा कागद, जेवणाच्या नोंदी. नवे राजदूत किंवा महावाणिज्यदूत रुजू झाले की संस्थाप्रमुखांनी स्वागताचं पत्र पाठवावं आणि आधीच्या भेटीत ठरलेलं काम कुठवर आलं आहे ते त्यात एका परिच्छेदात सांगावं.